चव्वेचाळीस ते एकोणपन्नास

"आता म्हने डब्बा आवाज देनार आपल्याले."

"मंग चाचा काय करन?"

"चाचा डब्ब्याची बटन दाबन. और काय."

दोघं हसले. मी वजनकाट्याच्या केबिनमध्ये जमिनीवर बसले होते, मांडीवर लॅपटॉप आणि हातात भोंग्याची वायर. खिडकी माझ्या डोक्याच्या वर होती, त्यामुळे बाहेर उभ्या असलेल्या त्या दोघा शेतकऱ्यांना मी दिसत नव्हते. उठून उभं राहावं, म्हणजे त्यांना कळेल की आत कोणी आहे, असा विचार मी करत राहिले. तेवढ्यात ते निघून गेले. माझ्या बाबतीत बहुतेक गोष्टी अशाच होतात.

चाचा केबिनच्या दारापाशीच होते, स्टुलावर. त्यांनीही ऐकलं असणार. ते चिठ्ठ्यांचा गठ्ठा जुळवत राहिले.

दिग्रसच्या बाहेर ही जिनिंग आहे. कापूस घेऊन आलेल्या गाड्या पटांगणात रांगेने उभ्या राहतात. काटा रिकामा झाला की पुढच्या गाडीला बोलवायचं, वजन करायचं आणि गाडी आत घ्यायची. बोलवायचं काम चाचा करायचे. वीस-बावीस सीझन तरी. त्याआधी ते आतल्या मशीनवर मेकॅनिक होते, पण त्यांचा आवाज एवढा मोठा होता की शेठजींच्या वडिलांनी त्यांना बाहेर आणून बसवलं, असं दिवाणजी सांगायचे.

त्यांची एक पद्धत होती. ते नंबराने बोलवत नसत. "कलगाव! निळा ट्रॅक्टर! कलगाव!" असं म्हणायचे आणि थांबायचे. कानामागे हात धरून. पटांगणाच्या कुठल्यातरी टोकाकडून, गाडीखालून किंवा चहाच्या टपरीवरून, "हाव!" असा आवाज येईपर्यंत ते चिठ्ठीवर रेघ मारत नसत. तीनदा बोलवायचे. तिसऱ्यांदाही हाव आलं नाही तर स्टुलावरून उठायचे, म्हणायचे, "झोपला असन लेकाचा," आणि स्वतः जाऊन उठवून आणायचे. यात वेळ जायचा. तो वेळ वाचवायलाच शेठजींनी आमच्या सरांना बोलावलं होतं.

सरांचं ऑफिस म्हणजे कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मी इंजिनिअरिंग करून घरी परत आले होते. पुण्याच्या दोन मुलाखतींत मी इतकं कमी बोलले की समोरच्या बाईंनी मला पाणी आणून दिलं. सरांनी मुलाखत घेतलीच नाही. कॉम्प्युटरसमोर बसवलं, एक काम दिलं आणि संध्याकाळी म्हणाले, उद्यापासून ये. त्याबद्दल मला त्यांच्याविषयी अजूनही चांगलं वाटतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात ते तितके बरे दिसणार नाहीत.

जिनिंगचा प्रोग्राम मी एकटीने लिहिला, जावास्क्रिप्टमध्ये. त्यात मी इव्हेंट एमिटरची एक छोटी लायब्ररी वापरली. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेला, आपल्याला फुकट वापरता येणारा कोड. हिचं काम सोपं आहे. एक सांगणारा असतो, बाकी ऐकणारे. ऐकणाऱ्याने आधी नाव नोंदवून ठेवायचं: गाडी बोलावली गेली की मला कळव. मग सांगणारा म्हणतो, 'गाडी बोलावली, चव्वेचाळीस', आणि ज्यांनी ज्यांनी नाव नोंदवलं आहे ते आपापलं काम करतात. ऐकणारे कोण आहेत, किती आहेत, हे सांगणाऱ्याला माहीत नसतं, आणि माहीत असण्याची गरजही नसते. कोणाला कोणाशी समोरासमोर बोलावं लागत नाही. मला ही व्यवस्था फार आवडली होती. माणसांचंही असं असतं तर, असं मला खरंच वाटायचं तेव्हा.

चाचांनी बटण दाबलं की सांगणारा सांगणार. ऐकणारे दोन. पहिला, लॉग: तो वेळ आणि नंबर लिहून पुढे 'बोलावले' असं नोंदवायचा. दुसरा, आवाज: तो भोंग्यातून तीनदा म्हणायचा, "क्रमांक चव्वेचाळीस, काट्यावर या."

तो आवाज माझा होता.

"तूच रेकॉर्ड कर," सर म्हणाले होते. "तुझं मराठी शुद्ध आहे."

शुद्ध असेल. पण मला मराठी आकडे येत नव्हते. इंग्रजी शाळेत गेलेल्या आम्हा सगळ्यांचं हेच आहे. घरी पुस्तकी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि आकडे, फोन नंबर, तारखा सगळं इंग्रजीत. वीसपर्यंत ठीक. पुढे एकोणसाठ म्हणजे फिफ्टी-नाईन की सिक्स्टी-नाईन हे मला मनातल्या मनात मोजून काढावं लागायचं. शंभर आकडे मी कागदावर लिहून आणले आणि केबिनमध्ये बसून पुटपुटत होते. चाचा ऐकत होते हे मला कळलं नव्हतं.

"एकुनसाठ म्हंजे किती, बेटा?"

मी बोटांवर मोजू लागले.

"साठ नंबरच्या आंधी जे गाडी उभी असते ना, थे एकुनसाठ. सत्तरच्या आंधी एकुनसत्तर. ऐंशीच्या आंधी?"

"एकोणऐंशी."

"हाव. गाड्या उभ्या कर डोक्यात. मंग नाही चुकत."

तीन दुपारी त्यांनी माझी उजळणी घेतली. मध्येच विचारायचे, "त्रेसष्टच्या मांगं कोन हाय?" मी म्हणायचे, "चौसष्ट." "अन् त्याच्या मांगं?" बाहेरून येणारा-जाणारा खिडकीतून डोकावून विचारायचा, "काय चाचा, शाळा घेऊन राह्यले का?" चाचा म्हणायचे, "कॉलेज शिकेल पोरगी हाय, तिले पाढे शिकवून राह्यलो." मला लाज वाटायची, पण ती वाईट लाज नव्हती. त्यांच्या जागेवर बसणाऱ्या डब्ब्याला ते स्वतः आकडे शिकवत होते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं होतं का? आलं असावं. मी त्याचं काही केलं नाही.

प्रोग्राम सुरू झाला तेव्हा शेठजी सगळ्यांसमोर म्हणाले, "चाचा, आता गळा नका फाडू. आत बसा आरामात. मशीन बोलते, तुम्ही फक्त दाबा." स्टूल केबिनच्या आत गेलं. केबिनला काच आणि शेजारी जिनचं मशीन. आत बसलं की पटांगणातलं बोलणं ऐकू येत नाही, फक्त घरघर आणि भोंग्याचा पुसट आवाज. माझा आवाज पटांगणात जायचा आणि लोक आपली चिठ्ठी बघून गाडी काढायचे. पहिल्या दिवशी एकजण म्हणाला, "बाई बातम्या देऊन राह्यली का?" तरी काम चाललं. गाड्या भराभर आत जाऊ लागल्या. 'हाव' म्हणणं आपोआप बंद झालं. भोंग्याला कोण हाव म्हणेल?

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. आवाज अडखळू नये याची मला फार धास्ती होती. 'क्रमांक' म्हटलं आणि आकडा यायला दोन सेकंद लागले तर लोक हसतील. म्हणून मी असं केलं की प्रोग्राम सुरू झाल्यावर आधी शंभराच्या शंभर आवाज आमच्या सर्व्हरवरून मागवून घ्यायचे, आणि सगळे आले की मगच आवाजाने ऐकणाऱ्यांत नाव नोंदवायचं. त्यातला एक जरी आला नाही तर काय, हा विचार मी केला नाही. लॉगचं नाव मात्र पहिल्याच ओळीत नोंदवलेलं होतं.

जानेवारीतली गोष्ट. आदल्या दिवशी एकोणऐंशीला पटांगणात कोणीतरी हसलं होतं. मी 'एकोण' आणि 'ऐंशी' मध्ये नको तिथे थांबले होते. त्या दिवशी दुपारी मी ऑफिसात बसून तो एक आकडा पुन्हा रेकॉर्ड केला आणि सर्व्हरवर टाकला. त्यानंतर जिनिंगची लाइन गेली. पाऊण तासाने आली. कॉम्प्युटर सुरू झाला, पण इंटरनेटचा डबा अजून जागा झाला नव्हता. नव्व्याण्णव आवाज कॉम्प्युटरने जवळ साठवून ठेवलेले होते. एकोणऐंशीचा जुना आवाज मी पुसला होता, नवा अजून मागवावा लागणार होता. तो आला नाही. रांग अजून पन्नासच्या आत होती, एकोणऐंशीची गरजही नव्हती. तरी शंभर पूर्ण झाले नाहीत, म्हणून आवाजाने नाव नोंदवलं नाही. हे सगळं मला नंतर कळलं.

चाचांनी चव्वेचाळीससाठी बटण दाबलं. लॉगने लिहिलं: बोलावले. भोंगा गप्प. चाचांना काही ऐकू आलं नाही, पण घरघरीत विरलं असेल असं त्यांना वाटलं. गाडी आली नाही. त्यांनी वाट पाहिली आणि पुढचं बटण दाबलं. पंचेचाळीस, सेहेचाळीस. पटांगणातले लोक भोंगा गप्प आहे म्हणजे काटा अजून सुरू व्हायचा आहे, असं समजून निवांत होते. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास. पन्नास नंबरचा माणूस खिडकीपाशीच उभा होता. त्याने काचेतून स्क्रीनवर आपला नंबर पाहिला आणि गाडी काट्यावर घातली. तो चाचांच्या मोहल्ल्यातला होता.

त्यावरून भांडण पेटलं. आमच्या आधी हा कसा, म्हणून सहा गाड्यांचे लोक केबिनवर आले. चाचा बाहेर येऊन जुन्या पद्धतीने ओरडू लागले, पण गाड्या एकमेकींत अडकल्या होत्या, कोणी मागे घ्यायला तयार नव्हतं. कापूस बघून घेणारा माणूस वैतागून आत निघून गेला. काटा बंद पडला. आणि साडेचारच्या सुमारास अवकाळी पाऊस आला. काही जणांनी ताडपत्र्या सोडल्या होत्या, कारण आता आपलाच नंबर आहे असं त्यांना वाटत होतं. ओला कापूस जिनिंग घेत नाही. त्या सहा गाड्या भिजलेला कापूस घेऊन परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठजींनी आम्हाला बोलावलं. सर आणि मी गेलो. पटांगणात केबिनसमोर तीस-चाळीस माणसं होती. चाचा मधोमध उभे होते, तपकिरी स्वेटर, लोकरी टोपी. स्वेटरला नेहमीसारखे कापसाचे धागे चिकटलेले होते.

"मशीन बोलली नाही, शेठजी," ते म्हणाले. "खुदा कसम. म्या दाबलं बराबर."

"दाबलं तर बोलते ना मंग. आता बघा." शेठजींनी खिडकीतून हात घालून स्वतः बटण दाबलं.

"क्रमांक एक, काट्यावर या," मी भोंग्यातून म्हणाले. स्वच्छ, न अडखळता, तीनदा. रात्रीतून इंटरनेट ठीक झालं होतं, शंभर आवाज आले होते.

कोणीतरी हसलं. "बोलून तं राह्यली!"

"काल नाही बोलली, भाऊ," सहांतला एकजण म्हणाला. "आमी तिथंच होतो."

"तिथंच म्हंजे कुठं? भज्यावर?"

"मी आयकलं," मागून एक माणूस म्हणाला. त्याची गाडी त्या रांगेत नव्हतीच. "पोरीचा आवाज आलता. हे लोक गप्पा हानून राह्यलते."

मी त्या माणसाकडे पाहिलं. तो खोटं बोलत होता असंही नाही. रोज ऐकलेला आवाज त्याला कालही ऐकल्यासारखा वाटला असेल.

मग दिवाणजी शांतपणे म्हणाले, "पन्नास नंबर कोनाचा होता, थे बी इचारा." आणि तिथून सगळं दुसऱ्याच दिशेने गेलं. चाचांनीच म्हणे भोंग्याचं बटण बंद करून ठेवलं होतं. आपल्या माणसाला पुढे घेतलं. इतक्या वर्षांत हे कितीदा केलं असेल, कोणाला माहीत. चाचा एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, बोलणारा संपेपर्यंत थांबत होते.

"मॅडम, तुमच्यात काय लिहिलं हाय?" शेठजींनी विचारलं.

मी लॅपटॉप उघडला. सरांनी तो माझ्या हातातून घेतला आणि मोठ्याने वाचलं. चव्वेचाळीस, बोलावले. पंचेचाळीस, बोलावले. सहाच्या सहा.

"हे खोटं असू शकते का, मॅडम?"

मला त्या क्षणी माहीत होतं. सगळं नाही, पण एवढं माहीत होतं की 'बोलावले' हे आवाज लिहीत नाही, लॉग लिहितो. आवाज निघाला की नाही हे लॉगला कळायचा मार्गच नाही. त्याला फक्त बटण दाबल्याचं कळतं. हे सांगायला मला पाच-सहा वाक्यं लागली असती. ती माझ्या डोक्यात इंग्रजीत तयार होती. समोर तीस-चाळीस माणसं, शेठजी, सर. मला ती वाक्यं मराठीत उभी करता आली नाहीत. हे कारण म्हणून सांगत नाही. काय झालं ते सांगते आहे.

"नाही," मी म्हणाले.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. ते म्हणाले, "लिहिलं असन तर लिहिलं असन." त्यांनी कानामागचं पेन काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. शेठजींनी त्यांना जा असं म्हटलंही नाही.

दुपारी मी ऑफिसात तेच घडवून पाहिलं. एकोणऐंशीची फाईल काढून टाकली, प्रोग्राम पुन्हा सुरू केला, बटण दाबलं. लॉगने लिहिलं: बोलावले. स्पीकर गप्प. मी पुन्हा दाबलं. बोलावले. बोलावले. या लायब्ररीत सांगणाऱ्याला परत एक उत्तर मिळतं: कोणीतरी ऐकायला होतं तर 'हो', कोणीच नव्हतं तर 'नाही'. मी ते छापून पाहिलं. 'हो' आलं. बरोबरच होतं, लॉग ऐकत होता ना. सुरुवातीला प्रोग्राम तपासताना मी हाच 'हो' पाहून समाधान मानलं होतं.

मी सरांना बोलावून दाखवलं. त्यांना लगेच समजलं.

"दुरुस्तीला किती वेळ लागेल?"

"दहा मिनिटं."

"करून टाक."

"सर, पण चाचा..."

"दारव्ह्याची जिनिंग पुढच्या आठवड्यात येऊन राह्यली बघायला. पुसदचे दोघं हायेत." ते खुर्चीत बसले. "अन् हे बघ, शेठ त्यांना पुढच्या सीझनले ठेवणार नव्हतेच. मला आधीच बोलले होते. त्यासाठीच तर आपल्याले बोलावलं. तू आज बोलली तरी काय बदलन? आपलं काम जाईल, त्यांचं काही परत येणार नाही."

ते खोटं बोलत नव्हते. हेच मला सगळ्यात वाईट वाटतं. मी दुरुस्ती केली. आवाजाचं नाव आता पहिल्या ओळींतच नोंदवलं जातं, एखादी फाईल नसेल तर नुसती घंटी वाजते. चार ओळी. मी त्या चढवल्या, डबा उघडला आणि जेवले.

पुढच्या महिन्यात बटणही गेलं. काटा रिकामा झाला की तिथल्या सेन्सरवरून आपोआप इव्हेंट सुटतो, दाबायला माणूस लागत नाही. तेही मीच केलं. दारव्ह्याला आणि पुसदलाही तसंच बसवलं. चाचांबद्दल कोणी विचारलं तर लोक म्हणायचे, "ते होय? ते गाड्या पुढंमांगं करत होते, मशीनमुळं सापडले." पुसदला एका अनोळखी माणसाने मलाच ही गोष्ट सांगितली, प्रोग्राम किती चांगला आहे याचं उदाहरण म्हणून. मी मान हलवली.

त्यांच्या घरी जायचं मी अनेकदा ठरवलं. मोहल्ल्याच्या तोंडापर्यंत दोनदा गेले. काय सांगायचं हे तयार असायचं. मग वाटायचं, सांगून त्यांना काय मिळणार? काम नाही, इज्जत नाही. उलट मी त्यांना आणखी एक गोष्ट देणार, की ज्या पोरीला त्यांनी आकडे शिकवले तिने केलं हे. हा विचार सोयीचा होता हेही मला कळायचं. मी परत फिरायचे.

एप्रिलच्या शेवटी आमच्या कूलरची मोटर जळाली. आईने पिशवीत घालून दिली आणि आर्णी रोडवरच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानाचा पत्ता सांगितला. ते चाचांच्या जावयाचं दुकान आहे हे मला माहीत नव्हतं. चाचा आत पंख्याखाली बसून तांब्याची तार गुंडाळत होते. जावई दारात ग्राइंडर चालवत होता. त्याने माझ्या हातातली पिशवी पाहिली आणि ग्राइंडर न थांबवता मागे वळून ओरडला, "अब्बा! कूलर की मोटर! मोटर!" लहान पोराला किंवा बहिऱ्याला सांगतात तसं, एकेक शब्द तोडून.

चाचांनी वर पाहिलं. ओळखलं. "आओ बेटा. बैठ."

मी स्टुलावर बसले. त्यांनी मोटर हातात घेऊन वास घेतला. "जळली पुरी. परवा ये." मग ते गप्प बसले. पूर्वी ते माझ्याशी असे गप्प बसत नसत. मी विचारलं, बरे आहात ना. त्यांनी कानामागे हात धरला.

"बरे आहात ना?"

"हाव, हाव. कान गेले बस." ते हसले. "यवतमाळले नेलतं पोरीनं डॉक्टरकडं. मशीन लावून तपासले. थो म्हने ठीक हायेत, उमरीच्या मानानं चांगले हायेत."

"मग?"

"मंग काय. डॉक्टरले काय मालूम? तुह्या मशीनमंदी तं लिहिलं होतं ना, बेटा. सहाच्या सहा डाव बोलली. मलेच नाही आयकू आलं. म्या उगाच खुदाची कसम खाल्ली तिथं, साऱ्या लोकायसमोर. खोटी कसम झाली थे." तार त्यांच्या बोटांमधून सरकत होती, एकसारखी. "पयले मले वाटलं मशीनच चुकली. मंग लय विचार केला. मशीन कायले खोटं लिहीन? तिचं काय अडलं? माह्याच कानाचं पाप. सहा घरचा कापूस भिजला."

दारात ग्राइंडर चालूच होता. घरचे आता त्यांच्याशी ओरडूनच बोलतात हे कळत होतं, आणि हेही कळत होतं की तसं बोलून बोलून काही दिवसांत ते खरंच बहिरे झाल्यासारखे वागू लागतील. मी सांगितलं तर काय होईल, ते मी पुन्हा एकदा मोजलं. जिनिंगमध्ये त्यांची जागा नाही. मीच ती काढून टाकली. शेठजी मान्य करणार नाहीत. भिजलेला कापूस भिजलेलाच आहे. पुसदचा माणूस ती गोष्ट सांगतच राहील. कदाचित चाचाही माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत. डॉक्टरवर ठेवला नाही. म्हणतील, पोरगी चांगली आहे, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलते.

त्यांनी मोटर बाजूला ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं, जणू माझं काही बोलून झालं असेल आणि ते त्यांना ऐकू आलं नसेल. हात पुन्हा कानामागे गेला. मी स्टूल पुढे ओढलं. ग्राइंडरच्या वर जाईल एवढा आवाज मी आयुष्यात कधी काढला नव्हता. तो फाटला, आणि दारातल्या जावयाने वळून पाहिलं.

"चाचा, तुमचे कान चांगले आहेत. त्या दिवशी मशीन बोललीच नव्हती. तुमची कसम खरी होती. लिहिलेलं खोटं असू शकतं का असं शेठजींनी मला विचारलं तेव्हाच मला माहीत होतं की असू शकतं, आणि मी नाही म्हणाले."